हॅनिमनचं कपाळ

नाक तुटलं ते टेम्पोतून सामान उतरवताना. नानामामा गेल्यावर दीड वर्षाने कराडचं क्लिनिक एकदाचं विकलं, मामी मुलाकडे नाशिकला राहायला गेली आणि जे कोणालाच नको होतं पण टाकवतही नव्हतं ते सगळं ओघाओघाने माझ्या पुण्याच्या फ्लॅटमध्ये आलं. म्हणजे तीन खोकी जाडजूड पुस्तकं, औषधांचं खणाखणांचं लाकडी कपाट, बुचं लावलेल्या इवल्या इवल्या बाटल्या अगणित, आणि हॅनिमनचा अर्धपुतळा. प्लास्टरचा, वरून सोनेरी रंग मारलेला, दीडेक फूट उंच. जुन्या चादरीत गुंडाळलेला होता म्हणून टेम्पोवाल्या पोराला ती वळकटी वाटली आणि त्याने ती खुशाल खाली टाकली. चादर उघडली तर म्हातारा शाबूत, फक्त नाक नाही.

ज्यांच्या घरात होमिओपॅथी नव्हती त्यांच्यासाठी सांगते, सॅम्युएल हॅनिमन हा या पॅथीचा जनक, जर्मनीतल्या माइसन गावात १० एप्रिल १७५५ ला जन्मलेला डॉक्टर. त्याचा फोटो किंवा पुतळा नाही असा होमिओपॅथीचा दवाखाना मी आजवर पाहिलेला नाही. टक्कल, कानांवर पांढऱ्या केसांचे झुपके, ओठ घट्ट मिटलेले आणि कपाळ हे एवढं. आमच्याकडे त्याला 'साहेब' म्हणायचे. १० एप्रिलला साहेबांना हार, पेढे, आणि मामी न चुकता कपाळाला गंध लावायची. ख्रिश्चन माणूस आहे गं तो, असं नानामामा दरवर्षी म्हणायचा आणि मामी दरवर्षी लावायचीच. एरवी रोज सकाळी क्लिनिक उघडलं की पहिलं काम म्हणजे पिवळ्या फडक्याने साहेबांचं डोकं पुसणं. इतकी वर्षं पुसून पुसून कपाळावरचा सोनेरी रंग पार गेलेला, खालचं प्लास्टर उघडं पडलेलं, आणि त्या उघड्या प्लास्टरमध्ये गंध मुरून मधोमध एक गुलाबी डाग झालेला, कोणी बघितलं तर वाटावं की जन्मखूण आहे.

आता माझं सांगते. मी बीफार्म केलंय. लहानपणी आम्ही सगळी भावंडं नानाच्या साबुदाण्याच्या गोळ्या चोरून मुठी मुठी खायचो आणि कोणालाही कधी काही झालं नाही, हा माझा होमिओपॅथीतला पहिला प्रयोग. दुसरा प्रयोग कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी, वहीवर. ३० सी ही पोटेन्सी म्हणजे काय, तर एकास शंभर असं पातळ करायचं, ते तीस वेळा. एकावर साठ शून्यं. ॲव्होगाड्रोच्या आकड्याच्या, म्हणजे ठरावीक मापात रेणू किती ते सांगणाऱ्या आकड्याच्या हिशेबाने १२ सीच्या पुढे मूळ औषधाचा एक रेणूसुद्धा बाटलीत असण्याची शक्यता उरत नाही. हे मी नानाला जेवताना मोठ्या तोऱ्यात समजावून सांगितलं. तो आमटी भुरकत सगळं ऐकून घ्यायचा आणि म्हणायचा, "बरं. आता बाहेर पेशंट बसलेत त्यांना सांगून ये." यावर माझ्याकडे उत्तर नसायचं, म्हणजे होतं, प्लासिबो, नुसत्या विश्वासाने येणारा गुण वगैरे, पण बाहेर बसलेल्या बायकांना ते सांगायला जायची हिंमत नव्हती. आजही माझं मत तेच आहे. वाद अर्धवट राहिला, कारण एक बाजू गेली.

तर हे नाक. फेव्हिक्विकने चिकटवायला तुकडा तर हवा, तो चुरा झालेला. शेवटी कुंभारवाड्यात एक ओळखीचे मूर्तिकार आहेत त्यांच्याकडे रिक्षात मांडीवर घेऊन गेले. जुलै महिना, गणपतीची घाई, पाय ठेवायला जागा नाही, चहूकडे पांढरे फटक बाप्पा बिनडोळ्यांचे बसलेले. मूर्तिकारांनी साहेबांना हातात घेतलं, फिरवलं, अंगठा भुवईवर ठेवून वीत पसरली आणि म्हणाले, "ताई, नाकाचं सोडा, ते करू आपण. पण ह्याचं कपाळ कोणी फुगवलंय?"

मी म्हटलं म्हणजे काय.

तर त्यांनी मला गणित दाखवलं. मूर्तीच्या चेहऱ्याचे तीन सारखे भाग करायचे, केस सुरू होतात तिथपासून भुवया, भुवयांपासून नाकाचा शेंडा, शेंड्यापासून हनुवटी. तालमानात, म्हणजे मूर्तीच्या मापांच्या शास्त्रात, हे ठरलेलं आहे, चार-चार अंगुळं, आणि माणसाचा पुतळा असला तरी थोडंफार इकडेतिकडे. टकल्या माणसाचे केस कुठे सुरू होतात ते कळत नाही म्हणून मग डोळे बघायचे, डोळे म्हणजे डोक्याची मधली रेघ, टाळू ते हनुवटी बरोबर निम्म्यावर. साहेबांचे डोळे निम्म्याच्या चांगलेच खाली होते. त्यांनी सुतळीने मापून दाखवलं. "चुकून असं होत नाही," ते म्हणाले. "ज्याने पहिला बनवला त्याला काम येत होतं, कान बघा, मान बघा. कपाळ त्याने मुद्दाम वाढवलंय."

इतकी वर्षं मी हे कपाळ बघत आले आणि मला वाटायचं की थोर माणसाचं कपाळ असंच असतं. आपल्याकडे भव्य भालप्रदेश हा शब्दच आहे तयार, कोणाही पुढाऱ्याच्या चरित्रात दुसऱ्या पानावर येतो. पण मुद्दाम वाढवलंय म्हटल्यावर डोक्यात किडा वळवळायला लागला आणि त्या रात्री मी शोधत बसले, मग पुढच्या रात्री, मग तो नादच लागला.

जगभर हॅनिमनचा जो चेहरा चालतो त्याचं मूळ बऱ्याच अंशी एका फ्रेंच शिल्पकाराकडे जातं. पिएर-झाँ दाव्हिद. होमिओपॅथीच्या पुस्तकांत नुसतं 'प्रसिद्ध शिल्पकार डेव्हिड' असं येतं आणि वाचणाऱ्याला वाटतं तो नेपोलियनची चित्रं काढणारा डेव्हिड. तो नव्हे. तो चित्रकार दाव्हिद याचा गुरू, १८२५ मध्येच वारला. हा शिष्य, आणि गुरूचं नि आपलं नाव एकच म्हणून याने आपल्या गावाचं नाव शेवटी जोडलं, आंझे गावचा म्हणून दाव्हिद दांझे. म्हणजे आपल्याकडे सातारकर, कराडकर लावतात तसंच, सोपं. बाप लाकडावर कोरीव काम करणारा, घरात गरिबी, १८११ मध्ये रोमची स्कॉलरशिप मिळाली आणि पोरगं इटलीला गेलं. तिथून पुढे १८१६ मध्ये लंडनला जाऊन पार्थेनॉनची ग्रीक शिल्पं बघून आला. आणि मग आयुष्यभर या गड्याला एकच वेड, थोर माणसांचे चेहरे. वीतभर व्यासाच्या ब्राँझच्या चकत्या करायचा, त्यावर एका बाजूने दिसणारा चेहरा उठावात, आणि बाजूला त्या माणसाचं नाव, बऱ्याचदा त्याच्याच सहीच्या वळणाने. अशी मेडॅलियन त्याने पाचशेच्या वर केली. कवी, सेनापती, शास्त्रज्ञ, गायिका, कोणी सुटलं नाही. जणू त्या अख्ख्या काळाचा पासपोर्ट फोटो अल्बम.

हॅनिमन त्याच्या हाती लागला तो एका बाईमुळे, आणि ही गोष्ट इतकी फिल्मी आहे की थोडी सांगितल्याशिवाय राहवत नाही. जर्मनीत कोएथेन नावाच्या लहानशा गावात हॅनिमन म्हातारपण काढत होता. लाइपझिगच्या औषधविक्यांनी त्याला स्वतःची औषधं स्वतः द्यायला बंदी आणली म्हणून १८२१ मध्ये तो तिथे गेलेला. १८३४ च्या ऑक्टोबरात पॅरिसहून एक पेशंट आली, मेलानी देर्व्हिली, वय चौतीस-पस्तीस, प्रवास सोपा जावा म्हणून पुरुषाच्या वेशात. तीन महिन्यांत, १८ जानेवारी १८३५ ला दोघांचं लग्न. नवरदेव ऐंशीला टेकलेले. गावाने काय काय म्हटलं असेल ते आपण कल्पनेने समजू शकतो, आपलीही गावं तशीच आहेत. जूनमध्ये जोडी पॅरिसला आली आणि हा ऐंशी वर्षांचा म्हातारा तिथला सगळ्यात फॅशनेबल डॉक्टर झाला, पॅगानिनीसारखा व्हायोलिनवाला त्याच्याकडे औषधाला यायचा.

मेलानी स्वतः चित्रकार होती. गियोम लेथिएर नावाच्या चित्रकाराची शिष्या, नुसती शिष्या नाही, घरातल्यासारखी. आणि हा लेथिएर १८०७ ते १८१६ रोमच्या फ्रेंच अकादमीचा डायरेक्टर होता. मी वर काय म्हटलं? दाव्हिद १८११ मध्ये स्कॉलरशिपवर रोमला गेला. त्याच अकादमीत. त्याच लेथिएरच्या हाताखाली. हे जुळलं तेव्हा रात्रीचे पावणेदोन वाजले होते आणि मी नवऱ्याला उठवून सांगितलं, तो म्हणाला छान आणि कुशीवर वळला. पण बघा ना, पॅरिसमध्ये त्या काळी कलेच्या वर्तुळात ही माणसं एकमेकांच्या किती जवळ होती. नवऱ्याचा पुतळा करून घ्यायचा तर मेलानीला पत्ता शोधत फिरावं लागलं नसणार.

१८३७ मध्ये दाव्हिदने हॅनिमनचा अर्धपुतळा केला. हे साल लक्षात ठेवण्यासारखं आहे, कारण त्याच वर्षी पॅरिसच्या पाँथिऑं इमारतीच्या दर्शनी त्रिकोणातलं त्याचं सगळ्यात मोठं काम उघडं झालं, खाली लिहिलेलं 'थोरांना कृतज्ञ मातृभूमीकडून' आणि वर दगडात ते थोर रांगेने. त्यात डॉक्टरसुद्धा आहे, बिशा, तिशीत मेलेला शरीरशास्त्रज्ञ. म्हणजे थोर माणूस दिसावा कसा हा प्रश्न या शिल्पकाराच्या डोक्यात त्या वर्षी रात्रंदिवस घोळत असणार.

आणि त्या प्रश्नाचं त्याच्याकडचं उत्तर म्हणजे कपाळ.

इथे येतो दुसरा एक जर्मन डॉक्टर. फ्रान्झ जोसेफ गाल. नाव गाल आणि अभ्यास सगळा कपाळाचा, काय करणार. हॅनिमनपेक्षा तीन वर्षांनी लहान. याचं म्हणणं असं की मेंदू म्हणजे एक गोळा नाही, त्यात वेगवेगळ्या गुणांचे वेगवेगळे कप्पे आहेत, त्याने सत्तावीस मोजले, आणि जो गुण जोरात तो कप्पा फुगलेला, आणि कप्पा फुगला की वरची कवटी तिथे उंचावते. म्हणून डोकं चाचपून माणूस ओळखता येतो. बुद्धी, तर्क, खोल विचार यांचे कप्पे पुढे, कपाळाच्या वरच्या अंगाला. पुढे याला फ्रेनॉलॉजी म्हणायला लागले. व्हिएन्नात १८०१ मध्ये बादशहाने त्याची व्याख्यानं बंद पाडली, तो फिरत फिरत पॅरिसला आला आणि १८२८ मध्ये तिथेच वारला. कवट्या आणि डोक्यांचे प्लास्टरचे साचे यांचा त्याच्याकडे मोठा संग्रह होता, कवी, खुनी, वेडे, सगळे एका कपाटात. मरताना स्वतःचं डोकंही त्या संग्रहात ठेवायला सांगून गेला. ठेवलंय. धड पेर लाशेझच्या दफनभूमीत, कवटी म्युझियममध्ये. याला म्हणतात स्वतःच्या पॅथीवर श्रद्धा.

पॅरिसच्या लेखक-चित्रकारांनी ही विद्या डोक्यावर घेतली (शब्दशः) आणि दाव्हिद तर पक्का भक्त. माणसाचं डोकं मातीत घडवताना तो कवटी वाचायचा. जे थोर आहे ते कपाळात दिसलंच पाहिजे, आणि नसेल दिसत तेवढं तर बोटाने जरा माती वाढवायची, त्यात खोटं काहीच नाही, उलट आतलं खरं बाहेर काढणं. १८२९ मध्ये तो मुद्दाम वायमारला जाऊन गटेला भेटला, तोच, शाकुंतल वाचून हरखून कविता करणारा गटे. तो तेव्हा ऐंशीचा. त्याचं जे प्रचंड संगमरवरी डोकं दाव्हिदने केलं त्याचे फोटो बघा, कपाळ म्हणजे जवळजवळ घुमट, डोळे बिचारे वळचणीखाली उभे राहिल्यासारखे. पॅगानिनीचं डोकंही याच हाताचं आणि याच वळणाचं. ही सगळी डोकी स्क्रीनवर शेजारी शेजारी ठेवली आणि मग हॅनिमन ठेवला तेव्हा मला ते घराणं दिसलं. गाणाऱ्यांची घराणी असतात ना, कोण कुठे षड्ज लावतो त्यावरून कळतं, तसं या डोक्यांचं. नानामामाच्या टेबलावरचा आमचा साहेब त्या घराण्यातलाच, जरी चौथ्या पाचव्या पिढीचा आणि तालीम जरा बिघडलेली.

म्हणजे गंमत बघा. एका पॅथीचा संस्थापक. त्याचा जगभर पूजला जाणारा चेहरा. आणि त्या चेहऱ्यातलं जे सगळ्यात दरारा वाटणारं, ते कपाळ, ते आलंय दुसऱ्याच एका शास्त्राकडून, जे आज कोणीही शास्त्र मानत नाही. हे वाचलं तेव्हा माझ्यातली फार्मसीवाली आधी खूप हसली. नाना असता तर त्याला फोन लावला असता. मग दोन दिवसांनी जरा वरमले. कारण मला तरी ते कपाळ बघून इतकी वर्षं काय वाटत होतं? हुशार माणूस आहे असंच वाटत होतं ना? मी काही गालचं पुस्तक वाचलं नव्हतं. आपल्याकडे तर सटवाई पाचव्या रात्री येऊन कपाळावर लिहूनच जाते, उशाशी कोरा कागद आणि पेन ठेवतात तिच्यासाठी, माझ्या मुलीच्या वेळी सासूबाईंनी ठेवलं होतं आणि मी बीफार्म असूनही काही बोलले नव्हते. फरक एवढाच की सटवाईचं अक्षर कोणाला वाचता येत नाही आणि गाल म्हणत होता मला वाचता येतं, बोटांनी.

गाल हे एक झालं, पण सगळं त्याच्यावर ढकलण्यात अर्थ नाही. ग्रीक-रोमन देवांची डोकी नीट बघितली की कळतं की भुवयांच्या वर जो एक जाड, सुजल्यासारखा पट्टा असतो, ज्यूपिटरच्या डोक्यांवर हमखास, त्याची सावली डोळ्यांवर पडते आणि चेहरा आपोआप विचारात गढलेला वाटतो. ओत्रिकोली गावात सापडलेलं ज्यूपिटरचं डोकं, जे व्हॅटिकनमध्ये आहे, ते शिल्प शिकणारी पिढ्यान्‌पिढ्यांची पोरं कॉपी करत आली. देवाचा तो पट्टा माणसांना बसवायचा ही युक्ती जुनी. दुसरं म्हणजे कपडे. दाव्हिदला अर्धपुतळ्यावर कोट-टाय घालणं फारसं पसंत नव्हतं. कपडे चढवले की पुतळा एका सालात अडकतो, बिनकपड्याची मान आणि सरळ कापलेले खांदे ठेवले की तो प्राचीन ग्रीकही वाटतो आणि आजचाही. हे ग्रीकांच्या हर्म नावाच्या खांबांवरून आलेलं, चौकोनी दगडी खांब आणि वर फक्त डोकं. आमच्या साहेबांना मात्र कोणीतरी पुढे कधीतरी कोट आणि गळ्याला फडकं घालून दिलंय. बहुधा उघड्या अंगाचा डॉक्टर बरा दिसेना.

खरा कसा दिसत होता हा म्हातारा? याचं उत्तर चक्क आहे, कारण १८४१ मध्ये पॅरिसमध्येच त्याचा एक डॅगेरोटाइप काढलेला, म्हणजे फोटोचा शोध नुकता कुठे बाहेर आला होता आणि हा शहाऐंशी वर्षांचा गडी कॅमेऱ्यासमोर बसून राहिला. मी तो मोबाइलवर मोठा करून करून बघितला. बारीक चण, गालफडं बसलेली, ओठ आत गेलेले, बहुतेक दात नसावेत, टकलाच्या बाजूंनी ते पांढरे केस. कपाळ रुंद आहे, नाही असं नाही. पण माणसाचं आहे. आणि नजर अशी की कोणाच्या तरी हाका मारण्याची वाट बघतोय, जेवायला चला म्हणून. मला हा म्हातारा पुतळ्यापेक्षा लाखपटीने आवडला. नानामामा शेवटच्या वर्षी गॅलरीत असाच बसायचा.

दोनच वर्षांत, २ जुलै १८४३ ला हॅनिमन वारला. मेलानीने शरीराला मसाला भरून ते नऊ दिवस घरात ठेवलं आणि मग एका पहाटे, पावसात, मोजक्या चार माणसांत मोंमार्त्रच्या दफनभूमीत नेलं. कोणाला आमंत्रण नाही, दगडावर नाव नाही. आणि कुठे ठेवलं? तिने आधीच घेतलेल्या एका थडग्यात, जिथे दोन माणसं आधीपासून होती, गोहिए नावाचा एक जुना राजकारणी, आणि तिचा तो गुरू लेथिएर. शिल्पकाराचा डायरेक्टर आणि शिल्पाचा विषय एकाच खड्ड्यात. याच्यावर अजून एक चढ. मोंमार्त्रची ती दफनभूमी आहे जिप्समच्या जुन्या खाणीत. ज्या जिप्समला भाजून प्लास्टर ऑफ पॅरिस होतं, त्या नावातलं पॅरिस इथूनच आलेलं. म्हणजे हॅनिमन पंचावन्न वर्षं पडून होता ते प्लास्टरच्या खाणीत, आणि त्याचे पुतळे जगभर प्लास्टरमध्ये ओतले जात होते.

१८९८ मध्ये त्याला तिथून उकरून काढून पेर लाशेझला नेलं. पेटी उघडली तेव्हा ओळख पटवायला बोटातली अंगठी सापडली, आत दोघांची नावं आणि लग्नाची तारीख कोरलेली, आणि गळ्याभोवती गुंडाळलेली बाईच्या केसांची एक लांब वेणी. मेलानीची. हे वाचून मी लॅपटॉप मिटला आणि थोडा वेळ नुसती बसून राहिले. कवटीचं, रेणूंचं काही सुचेना.

नव्या जागी १९०० मध्ये तांबूस ग्रॅनाइटचं मोठं स्मारक झालं आणि त्यावर बसवलं ते दाव्हिदचंच डोकं, ब्राँझमध्ये. त्याच उन्हाळ्यात वॉशिंग्टनमध्येही हॅनिमनचं स्मारक उभं राहिलं, नीहाउस नावाच्या शिल्पकाराचं, तिथे तो आख्खा बसलाय, विचारात गढून. पण दवाखान्यांत, कॉलेजांत, कॅलेंडरवर पसरलं ते डोकंच. पेर लाशेझमध्ये दाव्हिद स्वतःही पुरलेला आहे, १८५६ पासून. आणि गाल तर तिथे आधीपासूनच. डोक्याशिवाय, पण आहे. ज्याचं कपाळ, ज्याने वाढवलं तो, आणि ज्याच्यामुळे वाढवलं तो, तिघेही एका कंपाउंडात. मी कधी पॅरिसला गेलेच तर आयफेल टॉवर बघायला जाणार नाही, हे तिघे शोधत फिरेन, घरचे वैतागतील.

आता कॉपीचं. मूर्तिकारांनी मला हेही समजावलं. मूळ मूर्तीवरून साचा काढला, साच्यातून दहा काढल्या, त्यातली एक कोणीतरी दुसऱ्या गावी नेली, तिच्यावरून पुन्हा साचा काढला, असं चार-पाच वेळा झालं की चेहऱ्यावरचं बारीक काम विरघळतं. पापण्यांची कड जाते, सुरकुत्या बुजतात, ओठांची फट भरते. साबण झिजल्यासारखं. जे मोठं आणि गोल असतं तेवढंच टिकतं. "म्हणून तुमच्या साहेबांचं कपाळ टिकलंय," ते म्हणाले, "बाकी सगळं दर पिढीला थोडं थोडं गेलं." मला तिथेच हसू फुटलं. पातळ करत करत न्यायचं आणि मूळ काहीच उरलं नाही तरी गुण येतो असं म्हणायचं. नाना, ऐकतोयस का, तुझा साहेब पाचव्या पोटेन्सीत आहे.

गणपती झाल्यावर या म्हणाले होते, अनंत चतुर्दशीनंतर चार दिवसांनी गेले. कारखाना ओस, आता सगळीकडे देवीच्या मूर्ती. साहेब फळीवर बसलेले, नाकासकट. छान सरळ, धारदार, भारदस्त नाक. मी डॅगेरोटाइपचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवला होता तसं मात्र नव्हतं. मी मोबाइल काढून शेजारी धरला.

"नाही ना तसं?" मूर्तिकार आधीच म्हणाले. "ताई, फोटोत समोरून नाक कळत नाही हो. आणि वेळ कुठे होता. लोकमान्यांचा साचा होता आमच्याकडे, शाळेवाल्यांची ऑर्डर होती. माप लावून बघितलं तर बरोबर बसलं. टिळकांचं आहे."

मी काय बोलणार. पैसे दिले. ते सोनेरी रंगाचा डबा उघडून ब्रश घेऊन तयारच होते, म्हणाले कपाळावर पण एक हात मारून देतो, तो डाग गंधाचा दिसतोय, घासून घालवतो आधी.

नको म्हटलं, ते राहू द्या.

दिवाळीत मामी आली होती. आल्या आल्या तिने पुस्तकांच्या शेल्फवर साहेबांना बघितलं, चष्मा पुसून पुन्हा बघितलं, नाकाबद्दल काही बोलली नाही. पदराचं टोक धरून कपाळ पुसलं, खालून वर, नाना पुसायचा तसं. मग म्हणाली, "किती धूळ गं. रोज पुसत नाहीस वाटतं?"